पोटातली खूण

चोराने आमच्या गाडीची मागची काच फोडली आणि कागदांची पिशवी नेली. पिशवीच्या शेजारीच सोड्यांचा पुडा होता. टपोरी कोळंबी सोलून उन्हात वाळवलेली, पुडा न उघडताच वास सांगत होता की आत काय आहे. त्याला चोराने हातसुद्धा लावला नव्हता. माझ्या बाबांना चोरीपेक्षा याचाच धक्का जास्त बसला.

"सोडे ठेवून कागद नेलं?" काचेच्या चुऱ्यात उभे राहून ते म्हणाले. "मानूस हाय का कोन हाय?"

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. आमचा कोळीवाडा मुरुडच्या अलीकडे. बाबा तिथे एकटेच राहतात, मी लग्न होऊन अलिबागला. घरात आम्ही बाबांना 'तू' म्हणतो. लिहायला बसले की हात आपोआप 'ते' लिहितो, त्याला इलाज नाही. तर त्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून अलिबागला नेत होते, कारण त्यांच्या समुद्रात जायच्या कार्डाची मुदत संपली होती. हे कार्ड गळ्यात नसेल तर होडी बंदरातून हलवता येत नाही. पावसाळ्याची बंदी उठायच्या आत ते नवं झालं पाहिजे, नाहीतर होडी वाळूत आणि बाबा ओट्यावर. सत्तरी ओलांडलेला माणूस एक हंगाम ओट्यावर बसला की पुढच्या हंगामाला उठत नाही, हे आमच्या वाड्यात सगळ्यांनी पाहिलंय. त्यांनी बसावं असं मला वाटायचं आणि बसू नये असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं, त्यामुळे मी त्यांच्यावर कायम चिडलेली असायचे.

रेवदंड्याला सोडे घ्यायला थांबलो. बाबांची एक खोड आहे. दुरुस्तीला वर ओढलेली होडी दिसली की तिच्या कुशीवर थाप मारल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. होडी कोणाची का असेना. मी पुडा गाडीत टाकून मागे वळले तर बाबा तीन होड्या पलीकडे पोचलेले. त्यांना ओढून आणेपर्यंत काच गेली, पिशवी गेली आणि अलिबागची वेळही गेली.

आता त्या पिशवीबद्दल सांगायला हवं. मी बँकेत नोकरी करते. बचत गटांच्या बायकांसमोर उभी राहून फसवणुकीपासून कसं वाचायचं यावर बोलणं हे माझं काम आहे, आणि बोलते मी बरी. "सगळी कागदपत्रं कधीही एका ठिकाणी ठेवू नका," हे माझं ठरलेलं पहिलं वाक्य. ते म्हणताना माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर निळ्या रंगाची एक पिशवी असे आणि त्यात माझं आणि बाबांचं आधार, पॅन, मतदार कार्ड, बँकेची पुस्तकं, होडीचे कागद, सगळं नीट लॅमिनेशन करून ठेवलेलं असे. लॅमिनेशनचं मला वेड आहे. आमच्याकडे गॅसची पावतीसुद्धा लॅमिनेट झालेली आहे. नवरा म्हणतो, तू एकदा मलाही करून घे.

चौकीत हवालदारांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तक्रार लिहितो. ओळखपत्र द्या."

"तेच तर चोरीला गेलंय."

"व्हय की." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग बाबांकडे वळले. "तुमचं?"

"तेच्यातच," बाबा म्हणाले. "पन सोडे हायत."

हवालदार भला माणूस. त्यांनी सोड्यांच्या पुड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही जे सांगतोय तेच आम्ही असणार असं मानून तक्रार लिहून घेतली. आमच्या ओळखीवर कोणीतरी निमूट विश्वास ठेवल्याची पुढच्या दोन महिन्यांतली ही शेवटची वेळ होती.

त्या संध्याकाळी मी पेटले. चोर आमच्या नावावर कर्ज काढेल, खाती उघडेल, सिमकार्डं घेईल, अशी सगळी चित्रं माझ्याच भाषणातून उठून माझ्या समोर आली. सगळी एटीएम कार्डं बंद केली. सगळे पासवर्ड बदलले. आमच्या दोघांच्या नावावर कोणी कर्ज मागितलंय का ते तपासलं. मग आधारचे अंगठे लॉक केले, माझे आणि बाबांचेही, म्हणजे आमच्या नावाने दुसऱ्या कोणाला अंगठा लावता येणार नाही. बाबांचं आधार माझ्याच मोबाईलला जोडलेलं होतं, कारण बाबांचे मोबाईल समुद्रात पडतात. सगळं आटपून मी बाबांना फोन केला आणि सांगितलं की आता तुला काही होत नाही, मी तुला चारी बाजूंनी बंद केलंय.

"बरा केलास," बाबा म्हणाले. "मी पन माज्या परीनं केलंय."

बाबांनी त्यांच्या परीने काय केलंय हे मला दुसऱ्या दिवशी बँकेत कळलं.

जेवणाच्या सुट्टीत आमचा कॅशियर मोबाईल घेऊन आला. "मॅडम, हे ऐका, सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय. तुमच्या पुढच्या भाषणाला उपयोगी पडेल. लोक काय काय करतात बघा." त्याने आवाज मोठा केला. आधी भोंग्याची खरखर झाली, मग कोणीतरी फुंकर मारून माईक चालू असल्याची खात्री केली, आणि माझ्या बाबांचा आवाज आला.

"वाड्यातल्या समद्या मंडळींना सांगनं हाय. माजी न् माज्या लेकीची कागदांची पिशवी रेवदंड्याला गाडीतून गेली. निळी पिशवी हाय. तेच्यात माजं आधार हाय, तेचा नंबर सांगतंय, नीट ध्यान द्या." आणि मग बाबांनी आधारचा नंबर वाचला. चार-चार आकडे करून, मध्ये थांबून, दोनदा. मग पॅन. मग बँकेचं खातं. मग जन्मतारीख. मग दोघांचे मोबाईल नंबर. मग "आता लेकीचा ऐका," असं म्हणून माझं सगळं. "ह्ये नंबर घेऊन कोन मानूस आला तर तेला बसवून ठेवा न् मना सांगा. पुढच्या वाड्यांना पन कळवा."

आमचे सगळे नंबर बाबांच्या घरात दारामागे कॅलेंडरच्या शेजारी झेरॉक्स करून चिकटवलेले असतात. वाड्यात बऱ्याच घरांत तसे असतात. होडी परत आली नाही तर मागच्या माणसांना कागद शोधत बसायला लागू नये म्हणून. त्यांचा असा उपयोग कोणी केला नव्हता एवढंच.

"अडाणीपणाची कमाल आहे, नाही का मॅडम?" कॅशियर म्हणाला.

"कमाल आहे," मी म्हणाले, आणि डबा बंद केला.

फोनवर मी बाबांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटलं. त्यांच्या दृष्टीने मीच काहीतरी विसरले होते. आमच्याकडे समुद्रात जाळं तुटून वाहत गेलं की असंच करतात. देवळाच्या भोंग्यावरून जाळ्याच्या खुणा सांगायच्या. बोया, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे गोळे, कोणत्या रंगाचे, दोर कसला, ठिगळ कुठे. ती वर्दी वाड्यावाड्यांतून किनाऱ्याने पुढे जाते, आणि ज्याला जाळं सापडतं तो निरोप धाडतो. नारळ देऊन जाळं आणायचं. जन्मभर बाबांनी हे केलंय आणि दुसऱ्यांची जाळीही परत केलीत. आधारचा नंबर ही त्यांना कागदाची खूण वाटली. मग ती सांगायची नाही तर काय लपवायची?

"आनि समदं सांगितलं न्हाय गो," ते मला समजावत म्हणाले. "एक खूण पोटात ठेवलीय."

हाही रिवाजच. वर्दी देताना सगळ्या खुणा सांगायच्या, पण एक पोटात ठेवायची. प्रत्येक घराची अशी एक खूण असते, आपल्या प्रत्येक वस्तूत कुठेतरी आत घातलेली. कोणीही ऐरागैरा येऊन 'लाल बोया माझ्याच' म्हणू शकतो, पण पोटातली खूण खऱ्या मालकालाच माहीत. घरात ती दोघांनाच ठाऊक असते, जो समुद्रावर जातो त्याला आणि जी काठावर थांबते तिला. पोरांना सांगत नाहीत, कारण पोरं बडबडतात. आमच्या घरालाही एक आहे एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. तेव्हा मात्र मी बाबांना म्हणाले की खूण बिण घाल चुलीत.

पुढचा आठवडा आमच्या फोनांनी उसंत घेतली नाही. श्रीवर्धनकडून, उरणकडून, कुठल्या कुठल्या खाडीवरून लोक चौकशीला फोन करू लागले. "पिशवी भेटली का?" बाजारात मासळी घ्यायला गेले तर विकणारी बाई माझ्या पॅनची अक्षरं मला म्हणून दाखवायची, बरोबर आहे ना म्हणून. पण सगळ्यात मोठा घाव खाडीपलीकडून आला. माझ्या सासूबाई तिथे राहतात. लग्नात माझ्या आईने माझं वय थोडं इकडेतिकडे करून सांगितलं होतं. नवऱ्याला खरं ठाऊक होतं आणि तो गप्प राहिला होता. आता भोंग्याने माझी जन्मतारीख साऱ्या किनाऱ्याला कळवली. सासूबाईंचा फोन आला. "म्हंजे तू माज्या पोरापेक्षा मोठी हायस!" त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "तरीच तेला एवढी वरडतंस."

याच गडबडीत मला बँकेच्या कार्ड विभागातून फोन आला. तो माणूस माझ्याच बँकेचा, अगदी खरा, बंद केलेल्या कार्डाबद्दल विचारत होता. मी त्याला भामटा समजून असा काही झापला की बिचाऱ्याने माफी मागून फोन ठेवला. नंतर त्याची तक्रार माझ्या साहेबांकडे आली.

आणि खरा भामटा आला तो बाबांकडे. त्या रविवारी मी वाड्यावर होते. पाऊस उघडला होता, ओट्यावर चार शेजारी बसले होते. बाबांचा फोन वाजला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. बाबांच्या मते फोन एकट्याने ऐकणं हा उद्धटपणा आहे.

"मी बँकेतून बोलतोय काका. तुमचं खातं आज बंद होणार आहे. खात्रीसाठी तुमचा आधार नंबर मीच सांगतो." आणि त्याने सांगितला. चार-चार आकडे करून.

ओट्यावर एकजण त्याच्याबरोबर पुटपुटत होता.

"बाबा, ठेव फोन!" मी ओरडले.

बाबांनी मला हाताने गप्प केलं. "बरोबर सांगितलंस," ते फोनमध्ये म्हणाले. "पन ते काय, हितल्या बायापोरींना पाठ हाय. तू आपली खूण सांग."

"कसली खूण काका?"

"पोटातली."

"काका, तुमचा पॅन नंबर सांगतो…"

"तो पन पाठ हाय. खूण सांग की बाबा. बँकेचा हायस तर म्हाईत असल."

तो माणूस चिकाटीचा होता. त्याने खातं सांगितलं, जन्मतारीख सांगितली, माझंसुद्धा वय सांगितलं. दर वेळी ओटा एका सुरात "बरोबर" म्हणायचा आणि बाबा पुन्हा खूण विचारायचे. शेवटी त्याने शिव्या दिल्या. बाबांनी त्याला विचारलं, जेवलास का? त्यावर त्याने फोन ठेवला. बाबा थोडे हिरमुसले, कारण त्यांना अजून बोलायचं होतं. मी हसले नाही. रागारागात मी जाऊन माझा मोबाईल नंबरच कायमचा बंद करून टाकला. सगळ्या किनाऱ्याकडे असलेला नंबर मला नको होता. नवऱ्याच्या नावावर एक नवा घेतला आणि मला फार हलकं वाटलं.

जुलैमध्ये बाबांच्या कार्डासाठी पुन्हा अलिबागच्या कार्यालयात गेलो. झेरॉक्स होत्या, तक्रारीची प्रत होती, फक्त अंगठा लावून खात्री करायची होती. बाबांनी अंगठा शर्टाला पुसून यंत्रावर ठेवला. यंत्राने नाही म्हटलं. दुसरा ठेवला. नाही. दोर ओढून ओढून कोळ्यांच्या अंगठ्यांवरच्या रेषा झिजतात, म्हणून तिथल्या बाईंनी आपुलकीने सगळी बोटं ठेवून पाहिली. मग पडद्यावर वाचून म्हणाल्या, "काका, तुमचे अंगठे लॉक आहेत."

तळपायाची आग मस्तकात जाणं मी अनेकदा अनुभवलंय, ती उलट्या दिशेने उतरतानाही त्या दिवशी अनुभवलं. लॉक मीच केलं होतं. उघडायला ओटीपी लागणार होता. ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर येणार होता. जुना नंबर मीच बंद केला होता. धावत मोबाईलच्या दुकानात गेले, म्हटलं माझा जुना नंबर परत द्या. ते म्हणाले, देतो की, अंगठा लावा. माझाही अंगठा लॉक. मग मूळ आधार कार्ड आणा. ते पिशवीत. आता चोराचं सोडा, आमच्या नावावर आम्हालाच काही करता येत नव्हतं. माझी सुरक्षा इतकी पक्की झाली होती.

परतताना रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर बाबांनी गाडीत आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला.

"म्हंजे मी हाय का न्हाय?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. मी गाडी कडेला घेतली. त्यांना समुद्रावर जाऊ द्यायचं नाही असं मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल, पण असं, त्यांचाच हात त्यांच्यापासून काढून घेऊन, मला नको होतं. मी तसं बोलले. बाबा म्हणाले, "चल, पाऊस येतोय." काच अजून बदलली नव्हती, तिथे प्लास्टिक लावलेलं होतं.

बंदी उठायला थोडे दिवस राहिले आणि आगरदांड्याहून निरोप आला. तिथल्या एका म्हाताऱ्या मुसलमान नाखव्यांना, म्हणजे होडीच्या मालकांना, पिशवी सापडली होती. चोराला त्यात पैसे मिळाले नसावेत, त्याने ती दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवरून भिरकावली असावी. जेट्टीच्या दगडांत अडकून पडली होती ती उधाणाने बाहेर काढली. नाखव्यांच्या मोबाईलमध्ये बाबांची भोंग्यावरची वर्दी अजून होती.

नारळ घेऊन आम्ही निघालो. जेट्टीवर उतरलो आणि बाबांना दोन होड्या दिसल्या, त्यामुळे नाखव्यांच्या दारात मी एकटीच पोचले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि पिशवी आणून मांडीवर ठेवली. शेवाळ लागलेली, एक बंद तुटलेला. मी चेन उघडून दाखवायला सांगितलं. आत सगळं होतं. चिखलातही माझं लॅमिनेशन टिकलं होतं! त्यांनी माझं आधार कार्ड बाहेर काढलं, फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मीच ती," मी हात पुढे करून म्हणाले.

"हां बाय, दिसतंय की." त्यांनी कार्ड परत आत ठेवलं. "खूण सांगा."

"अहो, माझा फोटो आहे त्यावर!"

"फोटो हाय. पन ही अमानत हाय बाय. खुनेबिगर कशी देऊ?"

मी जन्मतारीख सांगितली. त्यांनी मान डोलावली, ती त्यांनाही माहीत होती. नंबर सांगितले. तेही. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की नुसते नंबर सांगितले म्हणून कोणावर विश्वास ठेवू नका, आणि इथे एक माणूस माझं ऐकत होता तर मी त्याच्यावर तडकत होते. तेवढ्यात बाबा हात झाडत आले. नाखवे उठले. बाबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. नाखव्यांनी पिशवीत हात घातला, आत कुठेतरी चाचपलं, आणि चेहरा उजळला.

"तुमचीच," ते म्हणाले, आणि पिशवी बाबांच्या हातात दिली, माझ्या नाही. मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मूळ कार्ड दाखवल्यावर नंबर परत आला, नंबरावर ओटीपी आला, बाबांचे अंगठे उघडले. कार्यालयातल्या बाईंनी पुन्हा सगळी बोटं ठेवून पाहिली आणि एका करंगळीने होकार दिला. बाबांनी ती करंगळी दिवसभर इतर बोटांपासून वेगळी धरली होती.

हंगामाच्या आदल्या संध्याकाळी मी वाड्यावर गेले. होडीला रंग लावून झाला होता, पूजेचं ताट तयार होतं. बाबा म्हणाले, "पिशवी आन." मी आणली. त्यांनी सगळे कागद खाटेवर ओतले आणि पिशवी उलटी केली, आतली बाजू बाहेर.

"हितं बघ," ते म्हणाले.

ती खूण मी पाहिली. इतकी वर्षं ती पिशवी मी खांद्याला लावून फिरले होते आणि मला ती कधी दिसली नव्हती. पिशवी विकत घेतली त्याच आठवड्यात बाबांनी घातली असणार. मग ते मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले आणि तीच खूण जाळ्यात कुठे आहे, बोयांच्या दोरात कुठे आहे, होडीच्या फळीखाली कुठे आहे, त्यांच्या अंगावरच्या शर्टाच्या शिवणीत कुठे आहे, सगळं दाखवलं. शर्टाशी येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की हे फक्त हरवलेल्या जाळ्यांसाठी नसतं.

"आई गेल्यापासून कोणाला माहीत होती?" मी विचारलं.

"कोनाला न्हाय."

आई जाऊन पाच हंगाम झाले होते. या पाचही हंगामांत बाबा रोज समुद्रावर गेले होते, आणि समुद्राने त्यांचं काही परत धाडलं असतं तर ते त्यांचंच आहे असं म्हणायला काठावर कोणी नव्हतं. आणि मी अलिबागला बसून पासवर्ड बदलत होते. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मी त्यांना घट्ट मिठी मारली. आमच्याकडे असं कोणी करत नाही, त्यामुळे बाबा हात लांब धरून तसेच उभे राहिले.

"आता तू काठावरची," ते म्हणाले. "कोनाला सांगू नको. नवऱ्याला पन न्हाय. बँकेत तर अजाबात न्हाय."

सकाळी होडी गेली. बाबांच्या गळ्यात नवं कार्ड होतं, मीच लॅमिनेट करून दिलेलं.

परवा मी माझ्या खात्यासाठी नवा पासवर्ड करत होते. पडद्यावर प्रश्न आला: फक्त तुम्हालाच माहीत असेल अशी एक गोष्ट लिहा. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. मग माझ्या पहिल्या शाळेचं नाव लिहिलं. ते सगळ्या वाड्याला माहीत आहे, पण असू दे.